तिथे कशाला गेलात? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मलावीतील माझ्या स्वयंसेवेच्या वर्षाबद्दल लिहिलेल्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. 2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील शाळा पाण्यात गेल्या होत्या, मग सेवेसाठी आफ्रिका कशाला गाठली, हा पहिला. आणि ‘या वर्षाने मला घडवले’ असे लिहिणे म्हणजे तिथल्या गरीब मुलांना स्वतःच्या जडणघडणीचे साधन करणे, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर छोटे आहे. पाणी ओसरल्यावर कुरुंदवाडकडे गाळ काढायला मी गेले होते. पण त्यामुळे मलावीला जाण्याचा हक्क मिळाला, किंवा गेले नसते तर तो गमावला असता, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या आक्षेपामागचा संशय मात्र रास्त आहे. कंबोडियातील अनाथाश्रमांत ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे उघड झाले आहे, आणि परदेशी देणगीदार व हौशी स्वयंसेवक येत राहिल्यामुळेच अशा संस्थांना बळ मिळाले. म्हणून ‘हेतू चांगला होता’ एवढ्यावर मी माझी बाजू मांडणार नाही.

मलावीने 1994 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि पटसंख्या साधारण 19 लाखांवरून 30 लाखांच्या घरात गेली. शिक्षक आणि वर्गखोल्या त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. पहिलीच्या वर्गात शंभराहून अधिक मुले, प्रसंगी झाडाखाली, हे चित्र आजही दिसते. (करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, हे आपण अभिमानाने सांगतो, त्या वेळच्या शिक्षकांची काय ओढाताण झाली असेल, हा विचार मला तिथे गेल्यावर सुचला.) खालच्या वर्गांत चिचेवा भाषा चालते आणि मला ती येत नव्हती, त्यामुळे शिकवायला म्हणून गेलेली मी शिकवण्याच्या उपयोगाची नव्हते. तिथल्या बाईंच्या हाताखाली बाटल्यांची बुचे आणि मक्याची ताटे वापरून मोजणीची साधने करणे, हे माझे काम ठरले. स्थानिक वस्तूंतून शिकवण्याच्या या रीतीला तिथे ‘तालुलार’ म्हणतात, आणि ती त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून अवगत होती. त्यांना माझे दोन हात हवे होते, सल्ला कुणी मागितला नव्हता.

मी जिला जडणघडण म्हटले ती एवढीच आहे: आपल्याला काही मान नसलेल्या जागी रोज वेळेवर जाणे, आणि विचारल्याशिवाय काही न सुचवणे. हे कोल्हापुरात शिकता आले नसते का? कदाचित आले असते; पण इथे माझी भाषा, माझे आडनाव आणि घरच्यांच्या ओळखी माझ्या आधी शाळेत पोहोचतात, आणि त्यांच्या आड माझे अज्ञान बिनबोभाट खपून जाते. हा बदल मुलांच्या जिवावर झाला असेही मला दिसत नाही, कारण त्यांचा वर्ग मी असताना आणि नसताना त्या बाईच चालवत होत्या.

आपल्या मुलीला असेच जायचे आहे आणि आपला त्याला विरोध आहे, असे आपण शेवटी लिहिले आहे. तिला बोलावणाऱ्या संस्थेला तिने दोन प्रश्न जरूर विचारावेत: हे काम पगारावर करू शकेल असा स्थानिक माणूस का नेमला नाही, आणि ती परतल्यावर ते कोण पुढे नेणार? दुसऱ्याचे उत्तर ‘पुढचा स्वयंसेवक’ असे आले, तर तिला थांबवण्यात मी आपल्या बाजूने असेन.