चर माथ्यावर आणि पाणी पायथ्याला: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाणलोटाच्या कामांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तिच्यातील निम्मे म्हणणे मला खोडता येत नाही आणि उरलेले निम्मे मला मान्य नाही. दोन्ही गोष्टी नीट मांडायच्या तर थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

हा मजकूर इतरही वाचतील, म्हणून आपले म्हणणे आधी थोडक्यात नोंदवतो. आपली सात एकर जमीन डोंगरउतारावर आहे. गावाच्या आराखड्याप्रमाणे त्यातील चार एकर माळावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे, खोदायचे आहेत आणि तिथे काही वर्षे चराई बंद ठेवायची आहे. यावर आपण लिहिता की रान आमचे अडणार, गुरांचा चारा आमचा जाणार आणि पाणी मात्र ओढ्याकाठच्या विहिरींना लागणार. आपला दुसरा आक्षेप असा की स्वतःच्या रानात स्वतःच्या पैशाने बोअर घेण्यास मनाई करणारी ग्रामसभा कोण? तिसरा असा की पोकलेन लावून ओढा खोल केला की एकाच पावसाळ्यात पाणी दिसते, मग वरच्या माळावर वर्षभर चर खणण्याचा खटाटोप कशासाठी? आणि शेवटच्या ओळीत आपण म्हणता की असे लेख लिहिणाऱ्याची जमीन बहुधा पायथ्याशीच असते.

माझी जमीन पायथ्याशीच आहे. हे मी मूळ लेखातच सांगायला हवे होते. ते न सांगणे ही माझी चूक झाली. आमच्या गावात चर आणि दगडी बांध झाले त्याआधी आमची विहीर संक्रांतीनंतर खडखडाट करायची. आता साधारण वर्षी ती एप्रिलपर्यंत साथ देते. ज्यांच्या माळावर चर खणले गेले, त्या आमच्याच भावकीतील दोन घरांच्या रानात मात्र तेव्हाही कोरडवाहू बाजरी होती आणि पुढेही तीच राहिली. त्यांच्यापैकी एका चुलत्यांनी एकदा आमच्या ओट्यावर बसून मला विचारले होते, “चर आमच्या रानात, मोटार तुमच्या विहिरीवर, हे कोणत्या हिशेबाने?” त्यावर मला उत्तर देता आले नव्हते. आपल्या प्रतिक्रियेत मला तोच प्रश्न पुन्हा भेटला.

आपल्या पहिल्या आक्षेपात किती तथ्य आहे हे आकड्यांत पाहू. नेहमीचा चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतो. म्हणजे एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी थांबते आणि हेक्टरमागे हजार मीटर चर धरले तर एका भरणीला १ लाख ८० हजार लिटर. पावसाळ्यात हे चर अनेकदा भरतात आणि मुरतात. त्याच हजार मीटर चरांनी ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे जमीन व्यापली जाते आणि खालच्या अंगाला टाकलेल्या मातीच्या वरंब्याची जागा वेगळी. आपला माळ वरकस आहे, तिथे पीक घेतले जात नाही, म्हणून ‘नुकसान काहीच नाही’ असे अधिकारी सांगतात. ज्याच्या दावणीला दोन गाई आणि पाच शेळ्या आहेत, त्याला तो माळ म्हणजे काय हे विचारले पाहिजे. चरांमुळे आपल्या उतारावरची माती थांबेल, दोन-तीन वर्षांत कुसळीच्या जागी बरे गवत येईल, हे खरे आहे. पण विहिरीला लागणारे पाणी खाली जाईल, हेही तितकेच खरे आहे, कारण पाण्याची वाट उताराने ठरते, सातबाऱ्याने नाही.

इथून पुढे माझे म्हणणे आपल्यापेक्षा वेगळे होते. या अन्यायावरचा उपाय चर नाकारणे हा नाही. चर खणण्याआधी पाण्याच्या वाटपाचा करार करणे हा आहे. माझ्या लेखात मातीकामाचे वर्णन होते आणि या कराराबद्दल एक वाक्यही नव्हते, ही त्याची खरी उणीव.

असा करार ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची चाळीस एकर ओसाड जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिथे माती आणि पाणी अडवून दाखवले. त्या अनुभवातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही एकेक करून वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचे: माणशी अर्ध्या एकराचे आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. उसासारख्या बारमाही पिकाला पाणी नाही. हे नियम कोरडवाहू शेतकऱ्यांनी स्वतः मान्य केले होते, आणि ते कागदावरच्या आदर्शापुरते न राहता त्यांवर सामुदायिक उपसा योजना चालल्या.

आपल्या परिस्थितीशी अधिक जुळणारे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. हरियाणातील शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी सुखोमाजरी नावाचे गाव आहे. तिथल्या उघड्या उतारांवरून वाहून येणाऱ्या गाळाने चंडीगडचा सुखना तलाव भरू लागला, म्हणून १९७०च्या दशकात पी. आर. मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावात छोटे मातीचे बंधारे बांधले आणि टेकडीवर गुरे सोडू नका अशी विनंती केली. बंधाऱ्यांचे पाणी आधी खालच्या काही शेतांनाच मिळाले. तेव्हा बाकीच्यांनी विचारले की पाणी त्यांना मिळणार असेल तर आमच्या शेळ्या आम्ही का बांधून ठेवायच्या? तोडगा असा निघाला की भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्यात समान वाटा. ज्याला वापरायचा नसेल त्याने तो दुसऱ्याला विकावा. त्यानंतर टेकडी राखण्यासाठी कुंपण लागले नाही. वरच्यांचा त्याग आणि खालच्यांचा लाभ यांना जोडणारा दुवा मिळाल्यावरच ते काम टिकले.

आता बोअरकडे वळतो. इथे मी ग्रामसभेच्या बाजूचा आहे, आणि ते माझी विहीर खाली आहे म्हणून नव्हे. १८८२च्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील भूजल उपसण्याचा हक्क मानला, तो काळ मोटेचा होता. महाराष्ट्राचा चार-पंचमांशांहून अधिक भाग काळ्या कातळाचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणजे झिजलेल्या मऊ खडकात आणि खालच्या थरांमधील सांधे-फटींत. ही साठवण फार थोडी असते आणि ती शेताच्या बांधाशी थांबत नाही. दोनशे-तीनशे फूट खोल गेलेले भोक वरच्या थराला खालच्या थराशी जोडते, आणि शेजारच्या उघड्या विहिरीचे पाणी तिथून निघून जाते. आपल्या रानातून उपसलेले पाणी आपल्या रानात पडलेल्या पावसाचेच असेल असे नाही. जो तर्क आपण पायथ्याच्या विहिरीला लावता, तोच बोअरलाही लागू होतो. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवाच्या, म्हणजे गावाच्या विहिरीसारख्या स्रोताच्या, ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर राज्याच्या १९९३च्या अधिनियमाने निर्बंध आणले आणि २००९च्या भूजल अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. ग्रामसभेचा ठराव या विचाराच्या बाहेरचा नाही.

मात्र आपल्या ठरावात एक दोष मला दिसतो. आपण लिहिल्याप्रमाणे नव्या बोअरला बंदी आहे आणि जुने बोअर जसे आहेत तसे चालणार आहेत. असा ठराव आधी पोहोचलेल्याचे संरक्षण करतो. बंदी घालायची तर जुन्या बोअरच्या उपशावरही तास आणि पाळ्या बांधून घेतल्या पाहिजेत. यावर आपण जरूर आग्रह धरा. मी आपल्या जागी असतो तर धरला असता.

कारण शेवटी प्रश्न पाणी किती अडवले याइतकाच ते कोणत्या पिकाला गेले याचा आहे. समजा गावाचे क्षेत्र हजार हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर, तेव्हा गावावर पडलेला पाऊस झाला ४०० कोटी लिटर. कातळाच्या मुलखात त्यातला साधारण दहावा हिस्सा आपोआप मुरतो असे धरले तर ४० कोटी. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे वीस हेक्टर, पन्नास एकर उसाने सगळ्या गावाचे मुरलेले पाणी संपते. चर, बांध, बंधारे यांनी मुरणे वाढेल, पण पाठोपाठ उसाचे क्षेत्र वाढले तर वाढलेले पाणी चार घरांत जिरते. ठिबकने पाणी वाचते खरे, पण मी पाहिले आहे की वाचलेल्या पाण्यावर बहुतेक जण आणखी एकर-दोन एकर ओलिताखाली आणतात. म्हणूनच नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली चर खणण्याइतकेच महत्त्व नियमांना दिले. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाळा सरल्यावर पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून सगळ्यांसमोर पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर रब्बी ठरवायची. लोक ते गाव पाहायला जातात आणि बंधाऱ्यांचे फोटो काढून आणतात. ताळेबंदाचा फळा कोणी आणत नाही.

खोलीकरणाविषयी थोडक्यात. साचलेला गाळ काढणे चांगलेच आहे. पण मुरूम फोडून कठीण खडकापर्यंत ओढा खणला की ज्या थरात पाणी मुरायचे तोच थर उघडा पडतो, काठच्या विहिरींचे पाणी ओढ्यात झिरपते आणि उन्हात उडून जाते. हिवाळ्यात ओढ्यात दिसणारे ते पाणी नवे असेलच असे नाही. शिवाय माथा उघडाच राहिला तर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा गाळ येतो. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, आणि भूजल पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२०च्या अहवालाने नोंदवले. त्या काळात अनेक गावांनी चांगली कामेही केली, हे मी नाकारत नाही. यंत्राने होणारे काम आधी आणि माथ्यावरचे काम जमले तर, हा क्रम मात्र चुकला.

पुढच्या महिन्यातील ग्रामसभेत आपण विरोधाचे मत नोंदवणार आहात असे लिहिले आहे. माझी विनंती अशी की विरोधाऐवजी अट नोंदवा. ज्यांच्या माळावर चर होणार त्या घरांची यादी ठरावात नावानिशी असावी. खालच्या टापूत एक सामुदायिक विहीर घेऊन तिचे पाणी पाइपने वर नेण्याचा खर्च आराखड्यातच धरावा आणि त्या पाण्यात या घरांचा माणशी वाटा लिहावा. माळावरचे गवत मोकाट चरू द्यायचे नाही हे ठीक, पण ते कापून नेण्याचा पहिला हक्क त्याच घरांचा आणि गावातील मेंढपाळांचा असावा; बंद केलेला माळ त्यांना टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या वर्षी खुला व्हावा. चराईबंदीचा सर्वांत मोठा भार मेंढपाळ आणि भूमिहीन कुटुंबांवर पडतो, आणि आपल्याही प्रतिक्रियेत त्यांचा उल्लेख राहून गेला आहे. मजुरीची कामेही आधी याच घरांना मिळावीत.

आमच्याकडे काय झाले तेही सांगतो. चुलत्यांनी तो प्रश्न विचारल्यानंतर आम्ही घरात बोललो आणि गेली दोन वर्षे रब्बीच्या ज्वारीसाठी आमच्या विहिरीवरून वरच्या दोन्ही घरांना आठवड्याला एक पाळी देतो. पाइप त्यांनी आणले, वीज आमची. ज्वारी चांगली येते. तरीही ही व्यवस्था मला पुरेशी वाटत नाही, कारण ती आमच्या मर्जीवर उभी आहे. उद्या माझ्या मुलाने पाळी बंद केली तर चुलत्यांच्या हातात दाखवायला एक कागदही नाही. म्हणून यंदा दिवाळीनंतर ती लेखी करून ग्रामपंचायतीत नोंदवायची असे आम्ही तिन्ही घरांनी ठरवले आहे. त्या मसुद्यातील कलमे मी इथेच मांडीन. आपल्या गावच्या ठरावाचा मजकूर आपण पाठवलात तर दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील, आणि वरच्या रानाच्या बाजूने त्यांत काय राहून गेले आहे ते माझ्यापेक्षा आपल्याला अधिक अचूक दिसेल.