वेलांटीवाले

ऑफिसात मला हल्ली 'वेलांटीवाले' म्हणतात. पर्वरीला आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका पोराने हे नाव पाडलं. जेवणाच्या सुट्टीत मी एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पाच्या इन्स्टॉलेशनच्या पानावरची बारीकशी चूक दुरुस्त करून पाठवत होतो आणि तो मागे डबा घेऊन उभा होता. म्हणाला, "दादा, एवढंच? एका अक्षराची पुल रिक्वेस्ट? ह्याला काँट्रिब्यूशन म्हणतात?" मी म्हटलं, "म्हणतात रे बाब." तो हसला आणि हुमणात भात कालवायला लागला.

(पुल रिक्वेस्ट म्हणजे दुसऱ्याच्या प्रकल्पात आपला बदल घ्या म्हणून पाठवलेली विनंती.) तेव्हा जे सुचलं नाही ते इथे लिहितोय. लांब आहे.

आधी ते 'एक अक्षर' काय होतं ते सांगतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, टाकायच्या कमांडमध्ये पर्यायाच्या नावाआधी दोन छोट्या आडव्या रेघा लागतात. पान लिहिणाऱ्याने मजकूर कुठल्यातरी 'हुशार' एडिटरमध्ये तयार केला असणार, कारण त्या दोन रेघांची तिथे एक लांब डॅश झाली होती. डोळ्याला फरक जवळजवळ दिसत नाही. पण कमांड पानावरून उचलून चिकटवली की प्रोग्राम म्हणतो, हे काय मला कळत नाही. मी स्वतः अर्धा तास पासवर्ड तपासला, इंटरनेट तपासलं, इन्स्टॉलेशन पहिल्यापासून केलं. मग ती रेघ दिसली. नवशिक्याला ती दिसणारच नाही. त्याला वाटेल आपल्यालाच जमत नाही, आणि तो निमूट टॅब बंद करून जाईल. अवतरणचिन्हांचंही तेच, सरळ चिन्हांच्या जागी गोलसर आली की कमांड मेली.

माझे बाबा पणजीत एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होते. रात्रपाळी असायची. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि बाबा प्रुफावर बोट फिरवत जायचे. घरी ते सांगायचे, बातमीत रमलास की डोळा चूक स्वतःच सुधारून पुढे जातो, तुला कळतसुद्धा नाही. म्हणून मृत्यूच्या बातम्या ते शेवटून पहिल्यापर्यंत शब्द उलटे वाचत. नावात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी माणसं ऑफिसात यायची ना. (छापखाना भारतात पहिल्यांदा आला तो आमच्या गोव्यात, १५५६ साली, तोही मुळात ॲबिसिनियाला निघालेला. म्हणजे देशातली छपाईची पहिली चूकही इथलीच असणार. ह्याचा अभिमान मात्र कोणी बाळगत नाही.)

बाबांची चूक छापली गेली की गेली. फार तर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुलासा. सॉफ्टवेअरच्या मदतपानांचं तसं नाही. गिटहब ह्या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर पेन्सिलीच्या खुणेवर क्लिक करा, अक्षर बदला, का बदललं ते एका ओळीत लिहा, पाठवा. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, बघून घेतलं की काम झालं. इतकं सोपं आहे म्हणूनच त्याची किंमत कमी वाटते. पण प्रकल्पाला मिळतं ते नुसतं अक्षर नसतं. आपलं पान कोणीतरी खरोखर, पायरी पायरी करून वाचलं, ही बातमी त्याला मिळते. ज्याने कोड लिहिला त्याला ते पान वाचता येत नाही, कारण त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. बाबांचा तोच उलट्या वाचनाचा मुद्दा.

आता दुसरी बाजू. ह्या सोपेपणाची लोकांनी वाट लावली. हॅकटोबरफेस्ट माहीत असेल, ओपन सोर्सला हातभार लावायचा उत्सव, डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात भरवते. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट होता. लोकांनी काय केलं? रीडमीच्या, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलच्या, मथळ्याला 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे शब्द चिकटवून पाठवले. हे कसं करायचं त्याचं उदाहरण आपल्याच देशातल्या एका यूट्यूब व्हिडिओत होतं, म्हणून शिव्या खायच्या यादीत आपण वर. फुकट राबणारे मेंटेनर तो कचरा उपसत बसले. शेवटी महिन्याच्या सुरुवातीलाच नियम फिरवावा लागला, ज्या प्रकल्पाने स्वतः होकार दिलाय तिथलंच मोजायचं. पुढे २०२३ मध्ये टीशर्टच बंद केले. तेव्हा आमच्या पोराची शंका अगदी हवेतली नाही. इंग्रजी 'द'च्या जागी 'अ' करून गिटहबच्या प्रोफाइलवर कामाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन वाढवणारे आहेतच. मी त्यांच्या बाजूने बोलत नाहीये. पान वापरायला घेतलं आणि ठेच लागली म्हणून दगड बाजूला केला, हे वेगळं. रस्त्यावर दगड हुडकत फिरायचं आणि दगडामागे पैसे मागायचे, हे वेगळं.

आणि सगळेच दगड काढायचे नसतात. वेबवर एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की ब्राउझर सांगतो, हा अमक्या पानावरून आलाय. ज्या शब्दाखाली तो हे सांगतो त्या 'रेफरर'मध्ये इंग्रजी 'आर' चार हवेत. मूळ प्रस्तावात तीनच पडले. १९९६ च्या आरएफसी १९४५ ह्या वेबच्या नियमांच्या दस्तऐवजात तसंच छापलं गेलं, आणि आज जगभरचे सर्व्हर तेच चुकीचं स्पेलिंग बोलतात. गंमत म्हणजे नंतर आलेल्या 'रेफरर पॉलिसी'त चारही 'आर' आहेत, म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध शेजारी शेजारी नांदतात. युनिक्स ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या, फाइल बनवणाऱ्या 'क्रिएट'चा शेवटचा 'ई' असाच गळलेला. मदतपानावर हे शब्द दिसले की नव्या दुरुस्तीवाल्याचे हात शिवशिवतात. दुरुस्त केलंत तर पान शुद्ध होईल आणि ते वाचून लिहिलेला प्रोग्राम चालणार नाही.

मी स्वतः ह्याहून मोठा गाढवपणा केलाय. कित्येक प्रोग्रामांचे अनुवाद गेटटेक्स्ट नावाच्या जुन्या पद्धतीने चालतात. तिथे मूळ इंग्रजी वाक्य हीच अनुवादाची किल्ली. त्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी प्रत्येक भाषेतला अनुवाद 'फझी', म्हणजे संशयित ठरतो, आणि त्या त्या भाषेतलं कोणी येऊन तपासेपर्यंत प्रोग्राम सरळ इंग्रजी दाखवतो. मला हे वाचून माहीत होतं, अंगाला लागलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या प्रकल्पात नवी आवृत्ती यायच्या आठवडाभर आधी मी सेटिंग्जच्या एका वाक्यातलं इंग्रजी स्पेलिंग सुधारलं. मेंटेनरने 'थँक्स' म्हणून घेतलंही. आवृत्ती आली, मी मोठ्या हौसेने उघडली, तर सगळा मेन्यू मराठीत आणि तेवढं एक वाक्य इंग्रजीत. मराठी अनुवाद माझाच होता! स्पॅनिश, जर्मन, तमिळ, सगळ्यांचंच ते वाक्य मी एका 'ई'पायी पुसलं होतं. ग्नोम ह्या लिनक्सच्या डेस्कटॉपसारख्या मोठ्या प्रकल्पांत ह्यासाठीच प्रकाशनाआधी स्ट्रिंग फ्रीझ असतो, तेव्हा मूळ वाक्यांना हात लावायचा नाही. छोट्यांत तो आपल्या डोक्यात असावा लागतो.

इंग्रजीसाठी आता यंत्रं आहेत. कोडस्पेल नावाचं एक नेहमीच्या चुकांच्या यादीवर चालतं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येही तशीच यादी आहे, डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर, मध्ये दोन उभ्या रेघा. मराठीत यादीने भागत नाही. 'घर'चं घराला, घरातला, घरांमधल्यांना होत जातं, यादी किती लिहाल? 'दिन' आणि 'दीन' दोन्ही खरे शब्द, यंत्र काय बोलणार? आणि काही चुका तर डोळ्यालाही दिसत नाहीत. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक नुक्त्याचा र घेऊन, दुसरा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही एकसारखे. पण तुम्ही एका तऱ्हेने टाइप करून शोधलंत आणि पानात दुसरी असली, तर साध्या शोधाला तो शब्द सापडत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. नकाशांच्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी मदतपानावर उदाहरणादाखल गोवा घेतलाय. वाचून बरं वाटलं. मग खाली बघतो तर गाव 'बिचोलिम'. त्याखाली 'सांकेलिम', मग 'क्वेपेम'. अरे, डिचोली! साखळी! केपे! पोर्तुगीजांनी शेवटी लावलेला 'एम' हा म नव्हेच, नाकातला उच्चार दाखवायची त्यांची खूण. ती इंग्रजी पाट्यांवर राहिली, आणि कोणा अनुवादकाने इंग्रजीवरून मराठी केलं. त्याला दोष देत नाही, पाटीवर दिसलं ते त्याने लिहिलं. पण डिचोलीतला पोरगा ते पान उघडून शोधाच्या चौकटीत 'डिचोली' टाकेल, आणि पानावरच्या उदाहरणासारखं काहीच होणार नाही.

मी तिन्ही नावं सुधारून पाठवली. तपासणाऱ्याचं उत्तर आलं, "इंग्रजीत तर असंच आहे, पुरावा?" रास्त प्रश्न. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, स्टँडवर जाऊन मराठी पाट्यांचे फोटो काढले. डिचोली आणि साखळी लगेच मिळाली, केपेची बस सुटून गेली होती. त्याने सांगितलं, ज्याचा फोटो आहे तेवढंच आता घेतो, उरलेलं वेगळं पाठवा.

दोन्ही नावं परवा पानावर चढली. केपे अजून 'क्वेपेम'च आहे. शनिवारी मडगावला जाणार आहे, तिथल्या स्टँडवर फोटो काढतो. आमच्या पोराला बरोबर चल म्हटलंय, त्याचं आजोळ केपेलाच आहे.