सोलर बसवलं? मग एवढं पाळा

भाऊ, जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर गेला की पेपरात बातमी येते आणि आपली छाती फुगते. फुगू द्या. ऊन आपलं, मग वीजही आपलीच जास्त, हे गणित पक्कं धरा. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, असं कोणी सांगू लागला तर त्याला ताक पाजा आणि वाटेला लावा. मे महिन्यात पॅनल स्वतः ६५ अंशांवर तापतं, म्हणजे सातातला एक हिस्सा उन्हानेच खाल्ला, हा हिशोब बायकोसमोर तर मुळीच नको.

धूळ पुसू नका. मृगाचा पाऊस धुईलच. धुळ्याच्या साक्री तालुक्यात महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. तेवढे पॅनल धुवायला पाणी किती लागत असेल, हे टँकरच्या रांगेत उभं राहून विचारू नये.

जगाचे आकडे मात्र पाठ हवेत. २०२२ मध्ये जगाची सौर क्षमता १ टेरावॅटवर, म्हणजे हजार गिगावॅटवर गेली, दोनच वर्षांत ती दुपटीच्या घरात आली. भारताने २०२५ च्या जानेवारीत १०० गिगावॅट गाठले. पारावर एवढं पुरे. पॅनलच्या साखळीतला ८० टक्क्यांहून जास्त माल चीनच्या हातात आहे, किंवा चिली आणि कॅलिफोर्नियात दुपारची वीज न्यायला तारा पुरत नाहीत म्हणून चालते प्रकल्प दाबून ठेवतात, हे बोललात तर चहा तुमच्याच खिशातून.

सौर पंपाला नावं ठेवायला मात्र माझी जीभ रेटत नाही. किमतीच्या १० टक्के भरून पंप मिळाला आणि केळीला दिवसा पाणी देता आलं, तर रात्री दोनला बॅटरी घेऊन साप-बिबट्याच्या वाटेने वावरात कोण जाईल?

घरच्या छताचं वेगळं. तिथे साठवणीच्या बॅटरीवर पैसे घालवू नका. ७८ हजारांचं अनुदान पुष्कळ झालं. मग भर दुपारी लाईट जाईल. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तुमचा सोलरचा इन्व्हर्टरही शहाण्यासारखा बंद पडेल. डोक्यावर तीन किलोवॅट तळपत असतील, खाली पंखा थांबलेला. तेव्हा गच्चीवर जा, आणि ज्याच्याकडे सोलर नाही त्या शेजाऱ्यालाच हाक मारा, "आबा, तुमच्याकडे आली का हो लाईट?"