ट्रेनिंगमध्ये गेला म्हणजे ड्युटीवरच गेला

"युद्धात नाही ना गेला, ट्रेनिंगमध्ये गेला." एअर फोर्सच्या ट्रेनिंगमध्ये विमान अपघातात वारलेल्या आमच्या वर्गातल्या मित्राबद्दल हे वाक्य मी गावच्या पारावर ऐकलंय, लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकलंय, आणि आता फेसबुकवर पण कुणीतरी लिहिलेलं बघितलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, जमलं तर पूर्ण वाचा.

त्याचं नाव, तारीख, विमान यातलं काही लिहीत नाही, त्याच्या आबांना ते नको असतं. सातारच्या सैनिक स्कूलला सहावीपासून आम्ही एका वर्गात. १९६१ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं सैनिक स्कूल, पण आम्हाला तेव्हा त्याचं काय, घरची आठवण यायची नि पहाटे उठवायचे एवढंच कळायचं. हा खटाव तालुक्यातला, सुट्टीवरून येताना वर्धनगडच्या घाटात एसटीत याला हमखास उलटी व्हायची. प्रत्येक वेळी. खिडकीची सीट त्याचीच असायची त्यामुळे. आणि असा पोरगा म्हणतो मी पायलट होणार! अजिंक्यताऱ्यावर पळत जायचो तेव्हा सगळ्यात पुढे तो, वर पोचला की परत खाली येऊन मागं राहिलेल्याला सोबत घेऊन वर चढायचा, त्यात बऱ्याचदा मी असायचो.

एनडीएला, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला त्याचं झालं, माझं डोळ्यांमुळे राहिलं. पायलटची जी अॅप्टिट्यूड टेस्ट असते ना, ती आमच्या वेळी आयुष्यात एकदाच देता यायची, नापास झालात तर परत कधीच नाही. तो पहिल्याच फटक्यात पास. मग खडकवासल्याची तीन वर्षं आणि मग हैदराबादजवळ डुंडिगलची एअर फोर्स अकॅडमी. तिथनं एकदा फोनवर सांगत होता, पहिल्या काही सॉर्टींना (म्हणजे सरावाच्या उड्डाणांना) उलटीची पिशवी खिशात घेऊनच बसायचो रे, इन्स्ट्रक्टर सर म्हणाले दोन मिनिटं घे आणि परत स्टिक (विमान चालवायचा दांडा) धर. त्याने परत स्टिक धरली. मला विचाराल तर शौर्य म्हणजे हेच, शरीर नको म्हणतंय आणि पोरगं रोज सकाळी परत जाऊन त्याच सीटवर बसतंय.

आता मूळ मुद्दा. लोकांना वाटतं ट्रेनिंग म्हणजे नोकरीच्या आधीचं काहीतरी, कॉलेजसारखं. अहो, ज्या आकाशात अनुभवी पायलटसुद्धा जातात तिथंच हा विशीतला पोरगा जातोय, अनुभव कमी असताना जातोय. ४ डिसेंबर २०२३ ला तेलंगणात मेदक जिल्ह्यात तूप्रानजवळ पिलाटस नावाचं ट्रेनिंगचं विमान पडलं, डुंडिगलवरनंच उडालेलं, त्यात शिकवणारा आणि शिकणारा दोघंही गेले. युद्ध कुठं होतं तेव्हा? नेहमीची सॉर्टी होती.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त छळते. अपघात झाला की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर "पायलटची चूक" सुरू होतं. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे एअर फोर्सची चौकशी, अजून बसलेली पण नसते. माझ्या मित्राच्या अपघाताबद्दल मी काही बोलत नाही, पण जे सगळ्यांसमोर आहे ते तर बघा. एचपीटी-३२ दीपक नावाचं विमान पोरांना पहिले धडे द्यायला वर्षानुवर्षं वापरलं, त्यात पायलटला विमानाबाहेर फेकून वाचवणारी इजेक्शन सीटच नव्हती, हवेत इंजिन बंद पडायची तक्रार होती, १७ अपघातांत १९ पायलट गेले असे आकडे पेपरात आले. २००९ मध्ये त्यातले दोघं गेल्यावर ते जमिनीवर ठेवलं आणि बदली पिलाटस ताफ्यात यायला २०१३ उजाडलं. तसंच जेट ट्रेनरचं. १९८२ मध्ये समितीने सांगितलं की शिकाऊ पायलटना चांगलं जेट ट्रेनर पाहिजे, ते ट्रेनर, हॉक, आलं २००८ मध्ये. मधली सगळी वर्षं पोरं किरण या साध्या ट्रेनिंगच्या विमानावरनं थेट मिग-२१ या लढाऊ विमानावर. म्हणजे लुनावर शिकलेल्याला रेसची गाडी देऊन पसरणीच्या घाटात सोडायचं आणि दरीत गेला की म्हणायचं याला चालवता येत नव्हती. ही २६ वर्षं कुणाच्या चुकीत धरायची?

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले, त्यांच्या आई कविताताई मुलावरचा ठपका पुसायला कित्येक वर्षं भांडल्या. मुलगा गेलेल्या आईला हे करावं लागतं याची मला चीड येते, अजून येते. प्रश्न विचारला की देशद्रोही म्हणणारे पण आहेत. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांनी विचारायचं नाही तर कुणी विचारायचं?

अजून एक, कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळायच्या आधी कॅडेट कागदावर ऑफिसर नसतो. ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन घरी आलेल्या कॅडेट्सना माजी सैनिकाचा दर्जासुद्धा मिळत नाही, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाला स्वतःहून हा विषय हातात घ्यावा लागला. आपला जिल्हा तरी हे समजू शकतो ना? आपल्या अपशिंगे गावची ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली, अजून प्रत्येक घरात फौजी आहे. साताऱ्यात चार भिंती स्मारकावर १८५७ च्या हुतात्म्यांसमोर आपण मान झुकवतो, मग या पोरांची नावं १५ ऑगस्टला शाळेत का वाचली जात नाहीत? त्याच्या गावच्या शाळेत आजवर एकदाही वाचलेलं नाही. आबा झेंडावंदनाला जातात, मागच्या रांगेत उभे राहतात आणि घरी येतात. काकी तर जातच नाहीत.

त्यामुळे आपण बॅचवाल्यांनी ठरवलंय, येत्या रविवारी त्याच्या गावच्या शाळेत जाऊन हेडसरांना आणि सरपंचांना समक्ष भेटायचं, लेखी अर्ज द्यायचा. आबांना विचारलंय, ते आधी गप्प बसले, मग म्हणाले "या, पण जेवून जायचं." पोवई नाक्यावरनं सकाळी आठला निघू, दोन गाड्या आहेत, तिसरी लागली तर शनिवारपर्यंत मला सांगा.