एवढे क्रेडिट, तेवढे क्रेडिट

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या डिग्रीला किमान 120 क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप), चार वर्षांच्या ऑनर्सला 160. इथवर कळतं हो! पण ते मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यवसाय-कौशल्य), एईसी (भाषाकौशल्य), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) अशा खणाखणांत भरायचे. थिअरीचे 15 तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे मात्र 30. म्हणजे लॅबमध्ये दुप्पट वेळ उभं राहा, पदरात तेवढंच! ऑफिसात विचारलं तर काका मान वर न करता, "नोटीस बोर्ड बघा." बोर्डावर गेल्या वर्षीचा तक्ता, त्यावर पेनाने खाडाखोड. दर सेमिस्टरला हेच. परवा ओई बदलायला गेले, तर तारीख आदल्याच दिवशी संपलेली. आणि हे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात, त्याला म्हणायचं क्रेडिट 'बँक'! मग पासबुक तरी भरून द्या की.