किमान वेतन वाढलं? मालक, घाबरू नका!

दर वर्षी १ एप्रिलला कर्नाटकात किमान वेतनातला महागाई भत्ता सुधारतो आणि बेळगावच्या उद्यमबागेपासून मच्छे, होनग्यापर्यंत कारखान्यांच्या मालकांच्या छातीत कळ येते. उगाच. वेतन वाढतं ते कागदावर, आणि कागद तुमच्याच टेबलाच्या खणात असतो.

बिहार-ओडिशाच्या पोरांना थेट कामावर घेऊ नका. मधे ठेकेदार ठेवा. कोणी विचारलंच तर ‘माणसं त्याची’ म्हणायचं. कायदा मूळ मालकालाही धरतो, पण धरायला आधी कोणी फिरकावं तर लागतं!

पगार मात्र बँकेतच जमा करा, रुपयासुद्धा कमी नको. एटीएम कार्डं तेवढी ठेकेदाराकडे राहू द्यात. रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा शर्टाच्या खिशात, प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पेनानं लिहिलेला पिन. संध्याकाळी त्यानं मशीनसमोर उभं राहायचं, नव्या दरानं जमा झालेले पैसे काढायचे आणि जुन्या दरानं पोरांच्या हातावर ठेवायचे. पासबुक बघून लेबर इन्स्पेक्टरलासुद्धा तुमचा अभिमान वाटेल.

बारा तास राबवा, मस्टरवर आठ मांडा. जादा तासांना दुप्पट दर असतो खरा, पण घड्याळ तुमच्या भिंतीवर आहे. फाउंड्रीत फेटलिंगला जो पोरगा दिवसभर ग्राइंडर धरून असतो, तोंडाला गमछा, पापण्यांवर लोखंडाची भुकटी, त्याला ‘अकुशल’ लिहा. कास्टिंगच्या कडा घासायला कसलं आलंय कौशल्य? फक्त स्वतः करून बघू नका.

एखादा कायद्याचा किडा १९८२ चा निकाल काढील. दिल्लीत एशियाडच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांचं प्रकरण. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ मधली वेठबिगारीच, असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं. तुम्ही चहा मागवा. ‘कुणाला बांधून ठेवलंय? राजीखुशीनं सही केलीय’ म्हणा. असली सही कायद्यापुढे टिकत नाही, हे १९४८ पासून लिहून ठेवलंय; ते मोठ्यानं वाचू नका.

फारच ताणलं तर धमकी द्या: कारखाना सीमेपलीकडे शिनोळीला हलवतो! किमान वेतन तिकडंही आहे म्हणा, पण १९५६ पासून रखडलेलं महाराष्ट्रात जाणं निदान तुमच्यापुरतं तरी मार्गी लागेल.

राहता राहिला मस्टर. तो इंग्रजीत ठेवा, नाहीतर कन्नडमध्ये. बिहारमधल्या छपऱ्याच्या पोराला वाचता येत नाही? अंगठा घ्या. हे उरकलं की जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चाला चला. सरकारी कागद आम्हाला मराठीतच मिळाले पाहिजेत, न कळणाऱ्या भाषेत आम्ही सह्या का म्हणून कराव्यात? घोषणा खड्या आवाजात द्या. भाषेची गळचेपी तुमच्याइतकी कुणाला ठाऊक!

आणि हो, १ नोव्हेंबर. कर्नाटक राज्योत्सवाची त्या दिवशी कामगारांना पगारी सुट्टी द्यावी लागते. पण आपण पाळतो काळा दिन. सरकारचा सणच मानत नाही, तर त्याचा पगार कुठून मानणार? कारखाना बंद ठेवा, दंडाला काळी फीत बांधून फेरीला जा आणि पोरांच्या नावावर खाडा मांडा. खाडा कापताना दर मात्र नवा धरा.