शुगर निघाली म्हणून पेरू बंद? आणि ज्यूस चालू?

माझ्या भाचीला सातवा महिना लागलाय आणि तपासणीत शुगर निघालीय. लगेच तिच्या सासूबाईंच्या मोबाइलवर मेसेज हजर: ‘गरोदरपणात शुगर असेल तर सगळी फळं बंद. ताजा ज्यूस चालेल. साखरेऐवजी गूळ-मध घ्या. जांभळाच्या बियांची पावडर घेतली तर इन्सुलिन लागणार नाही.’ तेव्हापासून पोरगी चार वाजता पेरू सोडून मारी बिस्किटं खातेय! मैदा आणि साखर चालते, पेरू चालत नाही?

फळ बंद आणि त्याच फळाचा रस चालू, असं लिहिणाऱ्याने घरी कधी रस काढलाय का? पेलाभर रसाला तीन-चार मोसंबी सहज लागतात. चोथा गाळून टाकला की साखरेला आवर घालणारा भागच गेला; उरलेलं गोड पाणी घटाघट पोटात जातं आणि शुगर झपकन चढते. तेच एक मोसंबं सोलून खाल्लं तर साखर मुळात कमी, तीही सावकाश रक्तात उतरते. पेरू, सफरचंद, नासपतीचंही तेच. शिवाय पेरूतल्या क जीवनसत्त्वाने जेवणातलं लोह अंगी लागतं.

आंबा, चिकू, द्राक्षं, सीताफळ जपून खावं, एवढं मान्य. वाटीभर आमरस नकोच. सकाळी इन्सुलिनचा जोर कमी पडतो, म्हणून फळ नाश्त्याला न घेता मधल्या वेळी, एका वेळी एकच, सोबत चार शेंगदाणे.

गूळ आणि मध? साखरच ती.

पावडरीचा सल्ला मात्र घातक आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर 140 किंवा जास्त आली, तर आधी दोन आठवडे आहार सांभाळायचा. तरीही जेवणानंतर दोन तासांची शुगर 120 च्या खाली येत नसेल, तर मेटफॉर्मिन (शुगर कमी करणारी गोळी) किंवा इन्सुलिन. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, आईची वाढलेली साखर मात्र जाते. त्याने बाळ अवाजवी मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली येऊ शकते.

सासूबाई, घरात ग्लुकोमीटर आहे. तिला पेरू द्या, दोन तासांनी शुगर बघा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.